कुलपाला हात नसतात

काकू गेली त्याच्या पाचव्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत शोकसभा झाली. पंख्याखाली खुर्च्या मांडल्या. आयुष्यात तिचं एक वाक्य ज्यांनी पूर्ण होऊ दिलं नाही ते सगळे पुढच्या रांगेत ओळीने बसले आणि एकेक जण उठून बोलायला लागला. सोशिक होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कधी वर तोंड करून बोलली नाही. शेवटी चेअरमन उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, आपल्या किनाऱ्यावर या सपाट होड्या आणल्या तेव्हा वहिनींनी आम्हाला फार पाठिंबा दिला.

पाठिंबा! ऐकून अंगाची लाही लाही झाली. अहो, त्या होड्या तिने तुमच्या नाकावर टिच्चून आणल्या. आणि तुम्ही तिला मागे उभी राहून टाळ्या वाजवणारी करून टाकलीत? माणूस मेलं की उठून उत्तर देत नाही, म्हणून काय वाटेल ते बोलायचं? म्हणून हे सगळं सांगायचं. लिहायची सवय नाही, शाळा सातवीत सुटली. तोंडात येईल तसं टाईप करायचं.

चेअरमन म्हणजे काकूचे धाकटे दीर. म्हणजे आमचे वडील. होय, आमचेच, लपवायचं कशाला. परका असता तर एवढं लागलं नसतं.

तर किनारा असा, की तिथे धक्का नाही. नुसती वाळू, आणि दोन्ही बाजूंना खडक. होडी भरतीच्या वेळी आणायची आणि हातांनी ओढून वर घ्यायची. नाही घेतली तर पुढची भरती तिला खडकावर नेऊन आपटते. ओढायची पण एक पद्धत आहे. वाळूवर गोल ओंडके आडवे टाकायचे, त्यांच्यावरून होडी सरकवायची, आणि मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पळत पळत पुढे न्यायचा आणि परत होडीच्या तोंडाशी टाकायचा. हे पळायचं काम काकूचं. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. एकतीस वर्षं. एकदा ओला ओंडका पायावर पडला, अंगठ्याचं नख गेलं. बायका हळहळल्या तर म्हणाली, "जाऊ दे गं, नेलपॉलिश वाचलं."

बाकीचे लोक होडी ओढताना मान खाली घालून आपल्या पायांकडे बघतात. ओंडका ठेवणाऱ्याला वाकावं लागतं, होडीखाली बघावं लागतं. होडीचा मालक होडी वरून बघतो, काकू खालून बघायची. कुणाच्या होडीचं बूड कुठे घासतं, कुठली कुठे रुतते, कुठली कुठल्या कुशीवर पडायला बघते, सगळं तिला पाठ होतं. सतरा घरांच्या होड्या तिने पोटाकडून ओळखल्या असत्या. पण हे ज्ञान कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते ज्ञान नव्हतं.

किनाऱ्यावरच्या लाकडी होड्या सगळ्या एकाच वयाच्या होत्या, त्यामुळे म्हाताऱ्याही एकदमच झाल्या. फळ्या कुजल्या, खिळे गंजले. मग सोसायटीने ठरवलं की फायबरच्या नव्या होड्या घ्यायच्या. त्यात अट अशी, की साचा एकच. एक लाकडी नमुना करायचा, त्यावरून साचा, आणि साच्यातून सगळ्या होड्या, एकाला एक तंतोतंत. म्हणजे होडीचं बूड कसं हवं ते सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवायचं, आणि चुकलं तर सगळ्यांचं एकदम चुकायचं.

नमुना करणार होता खाडीपलीकडचा सुतार. त्याला सगळे 'उद्या' म्हणायचे, कारण कधीही काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. पण हात सोन्याचा. त्याने खोलीत येऊन खडूने फरशीवर दोन आकार काढून दाखवले. एक सपाट तळाची होडी, परातीसारखी, जुन्या लाकडी होड्या होत्या तशीच. ही वाळूवर सरळ बसते, कमी हातांनी सरकते, पण लाटेवर थपडा खाते. दुसरी खोल तळाची, मध्ये खालपर्यंत धारदार कणा. ही लाट कापत जाते, लांब जाते, बसणाऱ्याला हिसके बसत नाहीत. पण पाण्याबाहेर आली की ती उभी राहू शकत नाही, कुशीवर कलंडते, आणि कणा वाळूत नांगरासारखा रुततो.

"ही ओढायला किती हात?" कुणीतरी विचारलं.

उद्याने डोकं खाजवलं. "चौदा तरी. सपाट असेल तर आठांत भागेल."

"मग झालं तर!" चेअरमन म्हणाले. "आपल्याकडे सतरा आहेत."

आता हे सतरा कुठून आले ते समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सोसायटीच्या खोलीत एक लांब फळी आहे, तिला खिळे मारलेत, आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याची एक चकती. घरटी एक चकती. चकतीवर त्या घराची खूण, कुणाची मासोळी, कुणाची शिडी, कुणाचा कंदील. चकती आहे म्हणजे त्या घराने ओढायला एक माणूस द्यायचा, आणि त्या घराला वाळूवर होडी ठेवायला जागा. चकती काढली म्हणजे ते घर या किनाऱ्याचं राहिलं नाही. म्हणून कुणी कुणाची चकती कधी काढत नसे. घराला कुलूप लागलं तरी चकती लटकलेली. पोरं शहरात गेली, कुणी गोदामात, कुणी हॉटेलात, कुणी कुठे, पण म्हणायचं काय, तर "येणारच आहे परत." सतरांपैकी सात घरांना कुलपं होती. त्या सातांत एक कुलूप आमचंही, वडिलांच्या घराशेजारच्या वेगळ्या घराचं. शहरात बसून हे टाईप करताना ते विसरून कसं चालेल.

आणि एक कुलूप काकूच्या मुलाचं. एकुलता एक. लहानपणापासून ज्याला चाकं आहेत त्याच्यामागे धावायचा म्हणून त्याला सगळे चाक्या म्हणायचे. लग्न झाल्यावर शेजारीच वेगळं घर बांधलं, आपल्या चकतीवर हौसेने चाक रंगवलं, आणि वर्षभरात बायकोला घेऊन शहरात गेला, माल वाहणाऱ्या गाडीवर. चार वर्षं झाली होती. वर्षातून दोनदा यायचा आणि जाताना म्हणायचा, "आई, यंदा नाही, पण पुढच्या वर्षी नक्की." काकू त्याचं घर दर आठवड्याला झाडायची.

त्या दिवशी बायका नेहमीप्रमाणे दाराबाहेर उभ्या होत्या. त्या सभासद नव्हेत ना! होडी ज्याच्या नावावर तो सभासद. ओढणारी कोण, तर कुणीच नाही. काकू दारातून म्हणाली, "भाऊजी, सतरा हात कुठले?"

"फळीवर मोजा की वहिनी."

"फळी येणार आहे का ओढायला? काल माझ्याबरोबर वाळूवर सात जण होते. त्यातले चार लुगडं खोचलेले."

आत हशा झाला. चेअरमनही हसले. "वहिनी, होडी पाण्यात चालवायची असते हो. अंगणात मिरवायची नसते."

"पाण्यात चालते चार तास," काकू म्हणाली. "वीस तास वाळूवर असते. चार तासांचं बघायला तुम्ही एवढे जण बसलात. वीस तासांचं कोण बघतं?"

यावर उत्तर काय मिळालं? कुणीतरी म्हणालं, "चहाचं बघा हो कुणीतरी." हे उत्तर! आणि ज्याने दिलं त्याने शोकसभेत डोळे पुसले.

अन्याय करायचा नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगायची. खोल होडी पाहिजे म्हणणारे सगळेच मूर्ख नव्हते. काकांचंच बघा. काका म्हणजे काकूचा नवरा, मुखदुर्बळ माणूस, माशांशी बोलतील पण माणसांशी नाही. तीस वर्षं सपाट होडीच्या थपडा खाऊन त्यांच्या पाठीचं पार लाकूड झालं होतं. डॉक्टरने फोटो दाखवून सांगितलं होतं, दोन मणके घासलेत, हिसके टाळा. समुद्रावर हिसके टाळा! म्हणजे स्वयंपाकघरात धूर टाळा. खोल होडीने त्यांची पाठ वाचली असती, हे खरंच होतं. चेअरमनची गोष्ट वेगळी. पलीकडच्या बंदरावरचे लोक विचारायचे, "काय हो, अजून परातीत बसूनच मासे धरता का?" ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. एकाची पाठ दुखत होती आणि एकाचं नाक.

घरी काका पलंगावर पालथे पडले होते, काकू पाठीला मलम चोळत होती. काका उशीत तोंड खुपसून म्हणाले, "तुला माझ्या पाठीचं काही नाही."

"ही कुणाची चोळतेय मग, शेजाऱ्याची?"

"सगळ्यांसमोर आडवी गेलीस."

"आडवी गेले नाही, दारातच उभी होते. आडवी ती होडी पडणार आहे, आणि ती उभी करताना माझी पाठ मोडेल. मग आपण दोघं शेजारी शेजारी पालथे पडू. चोळणार कोण?"

काका हसले नाहीत. "चाक्या येईल परत," ते म्हणाले. "मग हात वाढतील."

काकूने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. या एका विषयावर तीसुद्धा चार वर्षं काही बोलली नव्हती.

मग उद्याने पलीकडच्या बंदरावरून एक खोल तळाची होडी दोन दिवसांसाठी मागून आणली. सगळ्यांनी बसून बघावं, मग ठरवावं. सकाळी काका आणि आणखी दोघं ती घेऊन गेले. आले ते काय खुशीत! काका होडीतूनच हात हलवत होते. आयुष्यात कधी हात न हलवलेला माणूस. लोण्यातून सुरी जावी तशी जाते, म्हणाले. पाठीला कळलंसुद्धा नाही, म्हणाले. चेअरमन वाळूवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले, जणू जावई आला.

आणि होडी वाळूला लागली. लागली ती सावकाश डाव्या कुशीवर झोपली, म्हैस बसते तशी.

ओढायला होते नऊ जण. होडीतले तिघं, दोन म्हातारे आणि चार बायका. उरलेले? फळीवर. दोर बांधला, हो-हो केलं, कणा वाळूत गेला. खणला, परत ओढला, परत गेला. काकू ओंडका घेऊन पळत होती, पण ठेवणार कुठे? सपाट तळाखाली ओंडका आपण होऊन बसतो, कण्याखाली तो गरकन फिरतो. मग ठरलं की चौघांनी एका बाजूने खांदा लावून होडी सरळ धरायची आणि बाकीच्यांनी ओढायची. धरली. एक लाट मागून आली, होडी उचलली गेली आणि उजव्या कुशीवर आली. उजवीकडे शेजारची सून होती, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिचा पाय घोट्यापासून खाली होडीच्या काठाखाली गेला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती पांढरी पडली. काकूने हातातला ओंडका पाचरीसारखा काठाखाली घातला आणि त्यावर सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे बोटभर फट झाली आणि पोरीला ओढून काढलं. घोटा भोपळ्याएवढा सुजला. तीन आठवडे ती पोर भिंत धरून चालत होती.

चेअरमन काय म्हणाले? म्हणाले, "पाय मध्ये घालायचा नसतो."

आमचे वडील आहेत. तरी सांगायचं. हेच म्हणाले.

काकू वाळूत बसली होती, दम लागलेला. तिथूनच म्हणाली, "भाऊजी, चौदा पाहिजे होते, नऊ आले. पाच जण कुठे राहिले?"

"आज सगळे आले नाहीत. रोज असं होणार आहे का?"

"कोण कोण आलं नाही? नावं घ्या."

"पुढच्या वेळी येतील, वहिनी."

"कोण येतील?"

चेअरमन खुर्ची उचलून सावलीत घेऊन गेले. नावं कशी घेणार? नाव घ्यायचं तर पहिलं स्वतःच्या घरचं घ्यावं लागलं असतं.

दुपारी खोलीत बैठक. उद्या पट्टी आणि वही घेऊन बसला होता, आणि आश्चर्य म्हणजे तो म्हणत होता, "आजच सांगा. लाकूड आलंय." चेअरमन सांगत होते की होडी पाण्यावर एक नंबर आहे, सगळ्यांनी पाहिलं, राहता राहिला ओढायचा प्रश्न, तर सतरा हात आहेत, नीट आळीपाळी लावली की झालं. माना डोलत होत्या. शेजारचा, ज्याच्या सुनेचा पाय सुजला होता, त्याचीही मान डोलत होती. होय, त्याचीही!

काकू दारात आली. आणि त्या दिवशी ती उंबऱ्याशी थांबली नाही, सरळ आत आली. ओल्या पायांची वाळू फरशीवर. कुणी काही म्हणायच्या आत ती फळीपाशी गेली, आणि सगळ्यांना वाटलं ही आता चेअरमनची चकती काढणार, भांडण होणार, मजा येणार. तिने चाक्याची चकती काढली.

तिने चकती टेबलावर ठेवली, उद्याच्या वहीशेजारी. म्हणाली, "एक कमी करा. सोळा लिहा."

"वहिनी, हे काय करता?" चेअरमन उभे राहिले. "पोटचा पोर आहे तुमचा!"

"पोटचा आहे म्हणून तर मी काढली. दुसऱ्याच्या पोटच्याची मला कशी काढता येईल? त्याच्या घराला कुलूप आहे. कुलपाला हात नसतात, भाऊजी. चार वर्षं मी ते घर झाडते आणि चार वर्षं मी स्वतःशी खोटं बोलते. ते खोटं माझ्या घरात होतं तोपर्यंत चालत होतं. आज ते खोटं त्या पोरीच्या पायावर पडलं."

मग ती सगळ्यांकडे वळली. "बाकीच्या मी नाही काढणार. ज्याची त्याने काढा. नाहीतर तसंच ठेवा आणि खोल होडी घ्या. पण मग उद्यापासून मी ओंडका धरणार नाही. फळीला सांगा धरायला."

काका कोपऱ्यात बसले होते. ते उठले, तिच्याकडे न बघता बाजूने बाहेर निघून गेले. लोकांना तेवढंच पाहिजे होतं. आई आहे की कोण, कुणीतरी पुटपुटलं. मुलगा जिवंत असताना त्याला फळीवरून उतरवते! काकूने ऐकलं. तिने चकती टेबलाच्या मध्यापर्यंत सरकवली.

मग दाराबाहेरून सुजलेल्या पायाच्या पोरीची सासू आत आली. तिच्या धाकट्या मुलाचं घर दोन वर्षं बंद होतं. तिने शिडीची चकती काढली आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकली. "घे," ती म्हणाली, "आता हिची मान डोलव." नवऱ्याने मान खाली घातली. मग कंदीलवाला म्हातारा उठला, त्याने मुलाची काढली. मग आणखी एक. मग दोघं बरोबर, एकमेकांच्या आडोशाने. एकेक चकती टेबलावर टणकन पडत होती आणि उद्या वहीत खाडाखोड करत होता. सहा निघाल्या. सातवी राहिली, आमची. वडील फळीकडे बघत होते. त्यांनी काढली नाही. काकूने म्हटलं, "असू द्या भाऊजी, तुमची खुशी. पण मोजू नका."

"दहा," उद्या म्हणाला. "दहांत दोन म्हातारे. खोल होडी होत नाही." मग त्याने काकूकडे बघितलं. त्या खोलीत त्या दिवशी तिला पहिल्यांदा कुणी काही विचारलं. "काकी, काकांच्या पाठीचं काय करायचं? सपाट म्हणजे थपडा आल्याच."

काकू म्हणाली, "थपडा कुठे बसतात?"

"पुढे. तीन भाग केले तर पहिल्यात."

"आणि वाळूवर बसते कशावर?"

"मधल्यावर आणि मागच्यावर."

"मग पुढे धार दे, मागे पाट दे. सगळं अंग एकसारखं कशाला पाहिजे? आणि खाली दोन पट्ट्या दे लांबट, हातभर अंतराने. ओंडका त्यांच्यावर बसेल, फिरणार नाही आणि बूडही घासणार नाही."

उद्याने पेन्सिल ठेवली. फरशीवरचा जुना खडू पायाने पुसला आणि नवीन काढायला लागला. ती सांगत होती आणि तो काढत होता. पट्ट्या किती जाड, टोक कुठून वर उचलायचं, काठ धरायला कुठे सोपा पडतो. हे सगळं खोलीभर माणसांनी डोळ्यांनी पाहिलं.

आणि सोसायटीच्या वहीत काय लिहिलंय? शोकसभेनंतर मुद्दाम उघडून बघितलं. लिहिलंय, 'सुतारांच्या सल्ल्याने व चेअरमन यांच्या पुढाकाराने सर्वानुमते ठराव मंजूर.' तिचं नाव नाही. ती आत आली हेसुद्धा नाही. वहीला विचारलं तर त्या दिवशी त्या खोलीत एकही बाई नव्हती. ती वाळू फरशीवर आपण होऊन चालत आली असेल!

होड्या झाल्या. उद्याने उद्या-उद्या करत पाच महिने लावले, पण केल्या. त्या बैठकीपासून काका काकूशी बोलत नव्हते. काही हवं असलं तर भिंतीला सांगायचे. "भिंती, मीठ कमी आहे." काकूही कमी नव्हती. "भिंती, त्यांना सांग डबा हाताशी आहे." नवीन होडी पहिल्यांदा पाण्यात गेली त्या दिवशी काका परत आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "भिंती, नाक चांगलं कापतं पाणी." पाठीबद्दल विचारायची काकूची छाती झाली नाही. पण त्या रात्री त्यांनी मलम मागितलं नाही.

खरी शिक्षा तिला वेगळीच झाली. चाक्या आला. त्याला कुणीतरी फोनवर आधीच कळवलं होतं, अशी कामं लोक वेळेवर करतात. घरात शिरला तो चप्पल न काढता.

"आई, मी मेलो का?"

"असं बोलू नये रे."

"मग फळीवरून काढलंस कशाला? माझी इथली जागा गेली. उद्या मला यायचं झालं तर?"

"तर ये. सहा महिने ओढ, मी स्वतः नेऊन लावते."

"म्हणजे मी परका."

"परका नाहीस. पण वाळूवर नाहीस." तिने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. "बाळा, तू येशील म्हणून मी वाट बघायची ती बघेनच. त्याला कोण अडवतं? पण तू येशील असं धरून होडीचं बूड ठरवायचं नाही. त्याखाली दुसऱ्याची लेकरं येतात."

तो पाणी न पिता गेला. त्याच दिवशी, दुपारच्या गाडीने. आणि नंतर अकरा महिने फोनवर फक्त बापाशी बोलला. या अकरा महिन्यांत तिला कुणी विचारलं नाही, तू कशी आहेस. होड्या मात्र आठ हातांनी सरसर वर येत होत्या, कुणाचं काही मोडत नव्हतं, आणि लोक चेअरमनना म्हणत होते, वा, काय डोकं लावलंत! चेअरमन मान डोलवत होते. या एका मान डोलवण्यासाठी त्यांना माफ करता येत नाही, प्रयत्न करूनही नाही.

बाराव्या महिन्यात चाक्या आला. न सांगता, दोन दिवसांसाठी. संध्याकाळी आला, जेवला, आईशी हवापाण्याचं बोलला. सकाळी भरतीच्या वेळी काकू वाळूवर गेली तर तो तिथे आधीच उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. होडी आली, मागचा ओंडका मोकळा झाला, चाक्याने तो उचलला आणि शहरात माल उचलतात तसा खांद्यावर टाकून डुलत डुलत निघाला.

"अरे पळ!" काकू ओरडली. "वरात आहे का ही?"

किनारा हसला. तोही हसला, आणि पळाला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. जाताना पुढच्या वर्षी नक्की असं म्हणाला नाही, नुसता आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

गाडी गेली आणि थोड्या वेळाने होड्या आल्या. काका आपल्या होडीतून उतरले, दोर खांद्यावर घेतला, आणि त्या बैठकीनंतर पहिल्यांदा भिंत वगैरे काही मध्ये न आणता तिला म्हणाले, "काय गं, मोजायचा का आता त्याला?"

काकू ओंडका छातीशी धरून उभी होती. डोळे लाल होते, पण वाऱ्यामुळे असतील असं म्हणता आलं असतं.

"दोन दिवस आला, दोन दिवस मोजला," ती म्हणाली. "आज आठच आहोत. ओढा."